राजीखुशीने

माझ्या म्हाताऱ्या पेशंटला मी मनातल्या मनात ‘खोत’ म्हणायचे. तोंडावर अर्थातच ‘सर’. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, खोत म्हणजे आमच्याकडचा जुना जमीनदार. जमीन त्याची, नांगर आपला आणि भाताचा मोठा वाटा त्याच्या कोठारात. माझे आजोबा अशाच एका खोताचं कूळ होते, त्यामुळे घरात हा शब्द मी शिवीसारखाच ऐकलेला. पहिल्या दिवशी त्या गोऱ्या म्हाताऱ्यानं बोटही न हलवता, नुसत्या भुवईनं मला खिडकीचा पडदा सरकवायला सांगितलं, तेव्हा हे नाव आपसूक मनात आलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

इथं बहरीनमध्ये, सलमानियातल्या मोठ्या इस्पितळात मी बावीस वर्षं नोकरी केली. ती संपल्यावर घरी बसून करायचं काय? नवरा सीफमध्ये हिशेबनीस, दिवसभर ऑफिसात. मुलगी कॉलेजात, मी मराठीत विचारणार आणि ती इंग्रजीत उत्तर देणार, तेही कानातली ती बोंडं न काढता. झिंजमधला दोन खोल्यांचा फ्लॅट झाडून झाडून किती झाडणार! म्हणून मी घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका कंपनीत नाव घातलं. सकाळी साडेसहाला कंपनीची व्हॅन यायची, ड्रायव्हर ‘यल्ला सिस्टर’, म्हणजे चला लवकर, म्हणून हॉर्न वाजवायचा आणि बुदैयाच्या रस्त्यावरच्या एका जुन्या व्हिलात मला सोडायचा. तिथं खोत आणि त्यांची मुलगी असे दोघंच राहत. मुलगी साठीची, शाळेत शिकवायची. ती गेली की घरात खोत, मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

खोत नव्वदी ओलांडलेले. पाय गेलेले, हात थरथरणारे, डोकं मात्र लख्ख. गिळताना ठसका लागायचा म्हणून डॉक्टरांनी सगळं पातळ बंद केलेलं. चहातसुद्धा एक पूड घालून तो खळीसारखा घट्ट करायचा आणि चमच्यानं भरवायचा. यावरून आमचं रोज वाजायचं. ते तोंड घट्ट मिटायचे, मी चमचा धरून उभी. ‘हा चहा नाही, हा अपमान आहे,’ असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, अपमान गिळायची सवय नसेल तुम्हाला, आम्हाला आहे. यावर मात्र ते हसायचे आणि हसायला तोंड उघडलं की मी चमचा आत सारायचे.

अकरा वाजता चहा झाला की दुसरं काम. खोतांच्या मुलीनं एक जुना फोन देऊन ठेवला होता. त्यात वडिलांची कहाणी नोंदवून घ्यायची, नातवंडांसाठी. मी बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. असं करता करता खोतांचं आयुष्य मला स्वतःच्या आयुष्यापेक्षा जास्त पाठ झालं. सोळाव्या वर्षी बापाबरोबर विलायतेहून बोटीनं केनियात गेले. सरकारनं डोंगरावरची जमीन दिली. तिथं त्यांनी पांढऱ्या फुलांची शेती केली. डासांच्या अगरबत्तीत घालतात ती फुलं. ती वाळवायची शेड बांधली, मग दुसऱ्यांचीही फुलं घेऊन वाळवायला लागले, मग ट्रक आले, मग गोदाम आलं. शेतकऱ्याचा व्यापारी झाला. मग तिथल्या कायदेमंडळाची निवडणूक लढवली आणि जिंकली. मतदार सगळे गोरे आणि सगळे एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे. आमच्या ग्रामपंचायतीला याहून जास्त चुरस असते, हे मी मनात म्हटलं. देश स्वतंत्र झाल्यावर जमीन विकून ते बाहेर पडले, पाण्याचे पंप विकायला बहरीनला आले आणि इथंच राहिले.

‘जमीन मोकळी होती,’ हे वाक्य ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. आणि पुढच्याच वाक्यात, ‘तिथं राहणाऱ्या माणसांना आम्ही कामावर घेतलं.’ एकदा मला राहवलं नाही. बटण बंद करून मी विचारलं, मोकळी होती तर माणसं कुठून आली?

‘ती आधीपासून होती,’ खोत म्हणाले. ‘ती आमच्या शेतावर राबायची आणि बदल्यात एकेक तुकडा स्वतःसाठी कसायची.’

‘म्हणजे कुळं,’ मी म्हणाले, आणि आजोबांची गोष्ट त्यांना ऐकवली. कूळकायदा आल्यावर माझ्या आजोबांनी कचेरीचे किती उंबरे झिजवले, खोताच्या माणसांनी कशा धमक्या दिल्या, आणि शेवटी सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, त्यांचं नाव कसं चढलं. त्या दिवशी आजोबा उतारा डोक्यावर धरून घरापर्यंत चालत आले होते. वडील हे सांगताना दर वेळी उभे राहून दाखवायचे. खोतांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ‘तुझे आजोबा माझ्या शेतावर असते तर मला फार त्रास झाला असता,’ एवढंच म्हणाले. आमची खरी गट्टी त्या दिवसापासून जमली असं मला वाटतं.

त्याच सुमारास दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गावी असतो. आईमागून दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा उताऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली, त्याचं आणि माझं. घर, भाताचे चार तुकडे, वीसेक हापूसची कलमं.

‘काय गो बाय, जेवलीस काय?’ दादाची सुरुवात नेहमीची. मग मुद्दा. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून मुंबईचे पाहुणे ठेवायचा त्याचा विचार होता. कर्जासाठी बँकेला कागद एकाच नावावर असलेला बरा पडतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी हक्कसोड करून द्यावी. ‘आता तू तिकडं, तुला काय करायचीय जमीन? आणि नाव काढलं म्हणून काय माहेर तुटतंय होय?’

दादा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं त्यानं आणि वहिनीनं केलं. मी परक्यांची आजारपणं काढत इथं बसले होते. दर वर्षी कुणी गाववाला इकडं यायला निघाला की त्याच्या हातात आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं बांधून देतो. अशा भावाला नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? आमच्याकडं बहिणी हक्क सोडतातच. भावानं साडीचोळी करायची आणि बहिणीनं सही करायची, हे ठरलेलं. माझ्या आत्यानंही केलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. नवं लुगडं नेसून ती वडिलांबरोबर कचेरीत गेली, अंगठा दिला, आणि संध्याकाळी परत आली तेव्हा अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली, ‘येऊ काय गो आत?’ आई हसली. सगळेच हसलो. म्हातारीची थट्टा समजून.

‘करते सही,’ मी दादाला म्हणाले. ‘पण दादा, मी आले की मागची ती पडवीलगतची खोली मला मिळेल ना?’

‘अगो, असं काय इचारतेस? मी कधी नाही म्हटलंय काय तुला?’

फोन ठेवल्यावर मला खरंच हलकं वाटलं. मी स्वयंपाक करता करता गुणगुणत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुमच्या घरातलं तुम्ही बघा.’ मुलगी बशी धुवत होती. ‘व्हाय वुड यू गिव्ह इट अवे, आई?’ असं तिनं विचारलं आणि नेमकी तेव्हा कानात बोंडं नव्हती. तुला नाही कळायचं ते, मी म्हणाले. तिला माहेर म्हणजे काय हे कसं समजावणार? तिचं माहेर म्हणजे झिंजमधला भाड्याचा फ्लॅट. नवऱ्याची नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर फ्लॅट, मग खलास. इथं तीस वर्षं राहून बोटभर जमीन आपली नाही आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण आपलं गाव आहे, हे पाठीशी असायचं.

कागद आले. वकिलानं तयार केलेलं मुखत्यारपत्र, त्यासोबत हक्कसोड पत्राचा मसुदा. दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची, शिक्का घ्यायचा आणि पाठवून द्यायचं. गुरुवारची वेळ मिळाली. मंगळवारी मी कागद पर्समध्ये घालून कामावर नेले. खोत डुलकी घेत होते म्हणून खिडकीशी बसून वाचायला काढले.

‘कसले कागद?’ खोत जागे होते. पुढारी माणूस. कागदाची सळसळ झाली की याला जाग येणारच.

मी सांगितलं. ‘वाचून दाखव,’ ते म्हणाले. म्हटलं मराठीत आहे. ‘मग सांग.’ पहिल्या दिवशी पडद्यासाठी हलवली होती तशीच भुवई हलवून. माझ्या नाकाला मिरची झोंबली, पण चहाला अजून वेळ होता, म्हणून मी एकेक वाक्य वाचून इंग्रजीत सांगत गेले. अमुक गट क्रमांक, अमुक चतुःसीमा. सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हिस्सा मी नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने…

खोतांनी हात वर केला. 

‘शेवटचं परत सांग.’

‘कुणाच्या दबावाशिवाय. माझ्या मर्जीनं. आनंदानं.’

ते बाहेर बघू लागले. खिडकीबाहेर कुण्या जुन्या बागेतले चार खजूर उरले होते, त्यांच्यावर धूळ बसलेली. मग म्हणाले, ‘हे वाक्य मी लिहिलेलं आहे.’

मला वाटलं आज डोकं सरकलं. रक्तदाब बघायला मी पट्टा काढला तर त्यांनी माझा हात ढकलला. ‘खुळा नाही झालो. ऐक.’

त्यांच्या शेतावर एक म्हातारी राहायची. विधवा. झऱ्याला लागून तिचा मक्याचा तुकडा. झरा तिच्या सासऱ्यानं दगड लावून बांधून काढलेला. फुलं वाळवायची ती पहिली शेड खोतांना तिथंच बांधायची होती, कारण रस्ता जवळ आणि पाणीही जवळ. त्यांनी तिथल्या चार घरांना वरच्या अंगाला, खडकाळीवर जागा दिली आणि कागद केला. वकिलानं सांगितलं म्हणून त्यात घातलं, आपल्या मर्जीनं, कुणाच्या दबावाशिवाय. त्यांच्या भाषेत त्यांना वाचूनही दाखवलं. ‘मी तसा चांगला माणूस होतो, सिस्टर. बाकीचे वाचून दाखवत नसत.’ सगळ्यांनी अंगठे दिले. म्हातारीनं दिला आणि अंगठ्याची शाई लुगड्याला, म्हणजे तिच्या जे काय अंगावर होतं त्याला, पुसत विचारलं, पाण्याला मी इथूनच येऊ ना?

‘मी म्हणालो, अर्थात! मी काय राक्षस होतो?’

मी पट्टा गुंडाळायची थांबले.

‘मग कुंपण घातलं. गुरांसाठी. कुंपण घातलं म्हणून गेट आलं. ती रोज सकाळी मडकं घेऊन यायची, गेटबाहेर उभी राहायची आणि विचारायची. मी शेडमधून हात हलवायचो. ये म्हणून. एकही दिवस नाही म्हणालो नाही. निवडणुकीच्या भाषणात मी हे सांगायचो. माझ्या शेतावर पाण्याला कुणाला अडवत नाहीत. टाळ्या पडायच्या.’

‘गेट उघडं असेल तेव्हा तरी नुसती आत यायची का?’ मी विचारलं. का विचारलं ते मलाही कळलं नाही.

‘एकदा उघडं राहिलं होतं. सताड. ती तशीच बाहेर उभी होती. मी कामात होतो. दुपार झाली. मी बघेपर्यंत उभी होती.’

खोतांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उगाच रंगवून सांगत नाही. ते चिडलेले दिसत होते. ‘माझी शेड, माझे ट्रक, माझी ती खुर्ची, सगळं तिथून सुरू झालं. आणि मला इतकी वर्षं अभिमान कशाचा? तर मी दर वेळी हो म्हणालो.’

 मला मागची ती खोली दिसत होती. दादाला मी काय विचारलं होतं? मिळेल ना? जिथं जन्मले, जिथं आईनं मला तेल लावून उन्हात निजवलं, त्या खोलीचं मी विचारलं, मिळेल ना? आणि दादानं हो म्हटलं म्हणून मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होते. कागदावर सही व्हायची होती तरी मी गेटबाहेर जाऊन उभी राहिलेसुद्धा. आणि आत्या. अंगणाच्या कडेला उभी असलेली ती नव्या लुगड्यातली आत्या. ती थट्टा करत नव्हती. आम्ही हसलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी उठून न्हाणीघरात गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

बाहेर आले तर खोत म्हणाले, ‘ते यंत्र चालू होतं का?’

‘नाही.’

‘चालू कर.’ आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, एक शब्द न गाळता. चहा घट्ट होऊन गार झाला. त्या दिवशी दोघांनीही भांडण केलं नाही.

गुरुवारी मी दूतावासात गेले नाही. दादाला फोन केला.  म्हणाले, दादा, मी हक्क सोडत नाही. जमीन तू कस, आंबे तू खा, खोल्याही बांध. बँकेच्या कागदावर दोघं मिळून सह्या करू, मी सुट्टी काढून येते. पण माझं नाव राहू दे.

 दादा म्हणाला, ‘कुणी भरवलंय तुला? भावजींनी?’

‘कुणी नाही. मला वाटतं म्हणून.’

‘बाय, आईचं मी केलं. रात्रंदिस. तू फोनवर इचारायचीस, औषध दिलं काय. मी कधी काय बोललो?’

 हे त्याचं खरं होतं. मी म्हणाले, ‘नाही बोललास. ते ऋण आहेच माझ्यावर. पण ते असं नाही फिटायचं.’

‘मी तुला कधी नाही म्हटलं नसतं गो,’ दादा म्हणाला.  ‘कधीसुद्धा नाही म्हटलं नसतं.’

‘ठाऊक आहे रे,’ मी म्हणाले. ‘तेच नकोय मला.’

त्यानं फोन ठेवला. हा काही विजयबिजय नव्हता. मी कित्येक दिवस भातात नुसता हात फिरवून उठत होते. आंब्याचे दिवस गेले, आमसुलं आली नाहीत. वहिनीचे रोजचे शुभ सकाळवाले फोटो बंद झाले, ज्यांची मी इतकी वर्षं टर उडवली होती, तेच रोज सकाळी शोधायला लागले. गणपतीच्या महिनाभर आधी दादाचा फोन यायचा, कधी येतेस म्हणून. दर वर्षी. यंदा तो आला नाही. मग मीच तिकीट काढलं. मुलीला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, ‘येते.’ मराठीत.

परवा व्हॅनमध्ये बसून मी दादाला निरोप लिहिला. ‘चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी येऊ ना?’ बोटांनी आपोआप लिहिलं. पाठवायच्या आधी वाचलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पोचतो. मागच्या खोलीत राहू.’ त्यानं वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. आज हे लिहितेय तेव्हाही आलेलं नाही. पिशवीत त्याच्या आवडीचे खजूर भरून ठेवलेत.

खोतांना सांगितलं तेव्हा मी त्यांना चहा भरवत होते. हल्ली त्यांचा आवाज अगदी खोल गेलाय. कान जवळ न्यावा लागतो.

‘भावाला विचारलंस?’ ते म्हणाले.

‘नाही. येते म्हणून कळवलं.’

‘उत्तर?’

‘काही नाही.’

त्यांनी चमच्यातला तो खळीसारखा चहा हळूहळू गिळला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी तोंड पुसायला रुमाल उचलला तेव्हा ते म्हणाले, ‘बरं केलंस. विचारलं असतंस तर तो हो म्हणाला असता.’